रेडिओवर वाजावं म्हणून गाण्यातलं नेमकं काय कापायचं?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. इथे वाचायला येते ती बरीच वर्षं, पण धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी शाळेत मराठी शिकवते आणि गीतं लिहिते. गेल्या वर्षी माझ्या एका गीताला एका संगीतकार मित्रानं चाल लावली, आम्ही पदरचे पैसे घालून ते रेकॉर्डही केलं. गाणं एसटीच्या थांब्याचं आहे. लग्न होऊन निघालेली मुलगी, गाडी सुटते, मागे धूळ उडते. मुखडा असा:

धूळ बसू दे, मग बघ मागे
कोण उभं ते थांब्यापाशी

कडवी तीन. पहिल्यात गाडी सुटते, दुसऱ्यात घाट लागतो, तिसऱ्यात ती बऱ्याच वर्षांनी त्याच थांब्यावर उतरते आणि तिथे कुणीच नसतं. मुखड्यातला ‘कोण’ म्हणजे कोण, ते तिथे कळतं. सुरुवातीला सव्वा मिनिट नुसती बासरी आहे. एकूण ५ मिनिटं ४० सेकंद.

एका खासगी रेडिओ स्टेशनवर आम्ही ते ऐकवलं. तिथल्या माणसानं पूर्ण ऐकून घेतलं, मनापासून दादही दिली. मग म्हणाला, “आवाज पंचाहत्तराव्या सेकंदाला येतो, तोवर ऐकणारा दुसऱ्या स्टेशनवर गेलेला असतो. मुखडा पंधरा सेकंदांत आणा, तिसरं कडवं काढा, साडेतीन मिनिटांत बसवा. मग बघू.”

तिसरं कडवं काढलं तर गाण्यात उरतं काय? एक मुलगी गाडीत बसली, एवढंच.

मला विचारायचंय ते हे, की गाणी अशी घड्याळ लावून लिहायची पद्धत कधी आली? आधीच्या गीतकारांनाही हे ऐकावं लागायचं का? आणि माझ्या जागी तुम्ही काय केलं असतंत?

झणझणीत_मिसळ

मुखडा वाचूनच गलबललं. ताई, तिसरं कडवं अजिबात काढू नका.

रेडिओवाला

मी २००७ ते २०१४ पुण्यात एका खासगी स्टेशनवर गाण्यांची यादी लावायचं काम केलंय. तुम्हाला जे सांगितलं ते मीही कित्येकांना सांगितलंय, म्हणून त्यामागचं कारण नीट सांगतो.

आमच्याकडे एका तासाचं घड्याळ काढलेलं असायचं. अगदी कागदावर वर्तुळ काढून. त्यात आधी जाहिरातींचे ब्रेक भरायचे, कारण पगार त्यातून. मग आरजेच्या लिंक्स, जिंगल्स, स्पर्धा. उरलेल्या फटींत गाणी. सहा मिनिटांचं गाणं लावलं की दुसऱ्या एका गाण्याची जागा गेली. आणि ते दुसरं गाणं ऐकणाऱ्याच्या आवडीचं असतं तर तो पुढच्या ब्रेकपर्यंत थांबला असता, हा हिशेब सतत डोक्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे हुक टेस्ट. गाण्याचा सात ते दहा सेकंदांचा तुकडा लोकांना ऐकवायचा. ओळखलंत का, आवडतं का, कंटाळा आलाय का, एवढंच विचारायचं. बऱ्याच ठिकाणी त्यावरून ठरायचं की गाणं दिवसातून किती वेळा वाजणार. आता तुमच्या गाण्यातून दहा सेकंद काढायचे तर कुठले काढाल? ज्या गाण्याचा अर्थ तीन कडव्यांत मिळून उलगडतो त्याचा तुकडाच निघत नाही. हे एकदा कळलं की संगीतकार तुकडा आधी रचतात आणि गाणं त्याच्या भोवती. मला असं काम करणारे माहीत आहेत, आणि ती माणसं काही कमी प्रतिभेची नव्हती.

तिसरी गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर आरजे बोलतो. गायकाचा आवाज यायच्या बरोबर आधी त्याचं वाक्य संपलं पाहिजे, त्यात त्याचं कसब. त्यामुळे सुरुवातीचं संगीत रेडिओवर तसंही ऐकूच येत नाही. तुमची बासरी सव्वा मिनिट वाजली असती आणि तिच्यावर कुणीतरी सोन्याच्या दुकानाची सवलत सांगितली असती.

कुडाळकर

मला हे रेडिओला झोडपणं पटत नाही. गाणं आखूड केलं ते तबकडीनं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजाननं तबकडीसाठी गायलं ते तीनेक मिनिटांतच. पुढे ७८ आरपीएमची दहा इंची तबकडी आली तरी एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात काय ते आटपायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या माणसानं तेवढ्या जागेत राग उभा केला. आपण त्या तबकड्या आजही ऐकतो आणि डोळे मिटतो. मर्यादा आली की कलावंत उरलेलं फेकून नेमकं तेवढं ठेवायला शिकतो.

वारणाताई, राग मानू नका, पण सव्वा मिनिट बासरी मलाही जास्त वाटते.

वारणाकाठ

राग कसला. बासरी माझीही हट्टाची गोष्ट नाही, मित्राची आहे. माझा जीव तिसऱ्या कडव्यात आहे.

साथसंगत

कुडाळकर, तबकडीचं म्हणणं बरोबर, पण त्यातून तुम्ही काढलेला अर्थ मला चुकीचा वाटतो. मी तीस वर्षं रेकॉर्डिंगला तबला-ढोलक वाजवतोय, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलंय.

तबकडी फक्त ‘किती’ ते सांगायची. आधी काय आणि मागून काय, हे तिनं कधी सांगितलं नाही. त्या सव्वातीन मिनिटांतही जुने लोक वीस-पंचवीस सेकंद सुरुवातीच्या पीसला, म्हणजे नुसत्या वाद्यांच्या तुकड्याला, द्यायचे, कारण मुखड्याला उतरायला जागा लागते. पहिल्या कडव्याआधीचं संगीत वेगळं, दुसऱ्याआधीचं वेगळं, आणि ते लिहायला स्वतंत्र अरेंजर बसायचा. जागा तेवढीच असून हे सगळं व्हायचं.

खासगी एफएम आल्यावर क्रमच फिरला. सगळ्यात आकर्षक ओळ सगळ्यात आधी. मग तीच पुन्हा पुन्हा. दुसऱ्या कडव्याआधीचा पीस म्हणजे पहिलाच उचलून चिकटवलेला. माझ्या ओळखीचे व्हायोलिनवाले, सतारवाले या बदलात घरी बसले. आम्हाला सांगायचे, “पीस छोटा ठेवा, नाहीतरी त्यावर बोलणार आहेत.”

आणि आवाजाचं सांगतो. रेडिओ स्टेशनवर गाणं प्रक्षेपकाकडे जाण्याआधी एका यंत्रातून जातं. ते हळू आवाज वर उचलतं आणि मोठा खाली दाबतं. उद्देश असा की गाडीच्या गोंगाटात सगळं सारखं ऐकू यावं आणि शेजारच्या स्टेशनपेक्षा आपण खणखणीत वाटावं. परिणाम काय? एखाद्या गाण्यात तानपुऱ्यावर नुसता कुजबुजता आवाज आणि मग एकदम ढोलकीची थाप, हा जो जमिनीवरून उडी मारण्याचा आनंद असतो तो सपाट होतो. कुजबुज आणि थाप एकाच उंचीवर. हे कळल्यावर अरेंजर कुजबुज लिहायचं सोडून देतो. कुणी हुकूम काढत नाही, माणसं आपणच शिकत जातात.

झणझणीत_मिसळ

“कुजबुज आणि थाप एकाच उंचीवर”. साथसंगतबुवा, हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

गिरगावकर_आजोबा

वारणाबाईंनी विचारलंय, आधीच्यांना हे ऐकावं लागायचं का. माझं वय ऐंशीच्या पुढे आहे, आठवतं तसं सांगतो.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठीच माणूस. शास्त्रीय संगीतावर त्यांचा जीव आणि सिनेमाची गाणी त्यांना सवंग वाटत. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास नाहीशी झाली. सिनेमाचं नाव घेणं ही जाहिरात होते असंही आकाशवाणीचं म्हणणं होतं, त्यावरून निर्मात्यांशी बिनसलं. मग आम्ही सगळे रेडिओ सिलोनकडे वळलो. त्याच वर्षी डिसेंबरात अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठला आमच्या चाळीत एकाच्या खोलीत रेडिओ आणि गॅलरीत वीस माणसं. पहिल्या क्रमांकाचं गाणं आलं की बिगुल वाजायचा. पोरं त्या बिगुलाची नक्कल करत जिना उतरायची.

तर तो रेडिओ पूर्णपणे व्यापारी. टूथपेस्ट विकायला कार्यक्रम. पण गाणं मात्र सिनेमासाठी रचलेलं असायचं. पडद्यावर नायिका नदीकाठी चालत येणार म्हणून सुरुवातीला संगीत. रेडिओ ते गाणं नुसतं वाजवायचा, रचणाऱ्याला काही सुचवायला जायचा नाही. निदान आम्हाला तसं जाणवलं नाही.

कापाकापी तेव्हाही होती, ती तबकडीवर. सिनेमात तीन कडवी आणि तबकडीवर दोनच, असं पुष्कळ गाण्यांचं झालंय. आम्ही रेडिओवर पाठ केलेलं गाणं थिएटरात ऐकताना मध्येच एक अनोळखी कडवं यायचं आणि सगळे एकदम गप्प व्हायचे. कोरी नोट सापडल्यासारखा आनंद.

पुढे १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती आली. तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, आणि त्याही आधी आपल्याकडे, मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवर. म्हणजे भारतात सरकारी रेडिओवरची पहिली जाहिरात ऐकणारे आपण.

कोकणी_कवडी

आजोबा, फर्माइशी पाठवायचात का? ढिगानं फर्माइशी पाठवणाऱ्या झुमरीतलैयाच्या लोकांनी आमचा नंबर कधी लागूच दिला नाही. आई ‘आपली आवड’ला पोस्टकार्ड टाकायची. तिचं नाव वाचलं गेलं त्या दिवशी घरात शिरा झाला होता.

गिरगावकर_आजोबा

पाठवायचो तर! एकाच गाण्यासाठी चाळीतल्या अकरा जणांची नावं एका कार्डावर. बायकोचं नाव पहिलं. ती तेव्हा बायको नव्हती, समोरच्या बिऱ्हाडात राहायची.

झणझणीत_मिसळ

आजोबा!! यावर वेगळा धागा हवा.

मेधा_डेट्रॉईटजवळून

धागा उशिरा पाहिला. आजोबांनी जे सांगितलं, की गाणं सिनेमासाठी असायचं आणि रेडिओ फक्त वाजवायचा, तिथेच अमेरिकेत आणि आपल्यात मोठा फरक आहे. इथे सिनेमा मध्ये नव्हता. गाणं खपायचं ते रेडिओवर वाजून. त्यामुळे रेडिओचा धाक थेट लिहिणाऱ्याच्या टेबलावर बसला.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ओमाहा शहरात टॉड स्टॉर्झ नावाच्या स्टेशनमालकानं मोजकीच लोकप्रिय गाणी पुन्हा पुन्हा वाजवायची पद्धत रुळवली. त्यातून ‘टॉप ४०’ आलं. १९४९ पासून ४५ आरपीएमची छोटी तबकडी बाजारात होतीच. दोन्ही मिळून तीन मिनिटांचा साचा पक्का झाला.

मी राहते तिथून मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं जुनं घर जवळ आहे, आता संग्रहालय आहे. बेरी गॉर्डीनं १९५९ मध्ये कंपनी काढली, त्याआधी तो मोटारीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करायचा. गाणी कशी असावीत हेही त्यानं तसंच ठरवलं. दर आठवड्याला बैठक, प्रत्येक गाणं पारखून घ्यायचं. आणि ते मोठ्या चांगल्या स्पीकरवर ऐकून भागायचं नाही, मोटारीतल्या रेडिओसारख्या लहान पत्र्याच्या आवाजाच्या स्पीकरवर ऐकायचं. तिथे ठेका आणि गळा ठळक लागला तरच गाणं बाहेर. संग्रहालयातल्या त्या छोट्या स्टुडिओत उभी राहिले तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. एवढ्याशा खोलीतून एवढं संगीत निघालं, आणि ते ज्यासाठी रचलं गेलं तो होता डॅशबोर्डमधला बोटभर कर्णा. त्यामुळे कुडाळकरांचं म्हणणं मी पूर्ण खोडणार नाही.

पण लोक झगडलेही. १९६४ मध्ये फिल स्पेक्टर या निर्मात्यानं एका गाण्याच्या लेबलवर ३:०५ छापलं, प्रत्यक्षात गाणं पावणेचार मिनिटांचं. स्टेशनवाल्यांनी लांबी बघून नाकारू नये म्हणून सरळ खोटं लिहिलं. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं! पुढच्याच वर्षी बॉब डिलनचं सहा मिनिटांचं गाणं आलं, तर ते डीजेंना पाठवताना तबकडीच्या दोन बाजूंवर अर्धं-अर्धं घातलं होतं. लोकांनी पूर्ण गाण्याची मागणी केली आणि ते पूर्ण वाजू लागलं. १९६८ मध्ये बीटल्सचं सात मिनिटांवरचं गाणं पहिलं आलं. याउलट १९६७ मध्ये डोअर्स या बँडच्या सात मिनिटांच्या गाण्यातलं मधलं सगळं वादन छाटून ते तीन मिनिटांच्या आत बसवलं, आणि तेच रेडिओवर गाजलं. ज्यांनी नंतर अल्बम घेतला त्यांना आजोबांच्या कोऱ्या नोटेसारखं काहीतरी सापडलं असणार.

स्वरूपा_२२

मोठ्यांच्या मध्ये बोलतेय, पण माझ्या वर्गात रेडिओ कुणीच ऐकत नाही. आम्ही गाणी फोनवर ऐकतो. तिथे ३० सेकंद गाणं वाजलं तरच ते ‘ऐकलं’ म्हणून मोजतात आणि पैसे मिळतात. म्हणून आता मुखडा त्या आतच हवा. रीलला तर सुरुवातीला पंधराच सेकंद होते. तेव्हा ताईंना त्या स्टेशनवाल्यानं जे सांगितलं तेच आता सगळेच सांगतील, रेडिओ असो नसो.

रेडिओवाला

स्वरूपा, अगदी खरं, आणि मोठ्यांच्या मध्ये बोल खुशाल. फक्त एक सांगतो, हे वळण आधी रेडिओनं लावलं, फोननं ते उचललं. आमच्या हुक टेस्टचे दहा सेकंद आणि तुमच्या रीलचे पंधरा सख्खी भावंडं आहेत.

आणि आपल्या खासगी एफएमची सगळी स्टेशनं एकसारखी का वाजतात याचंही कारण आहे. ३ जुलै २००१ ला बंगळूरला पहिलं खासगी स्टेशन सुरू झालं. पहिल्या फेरीत सरकारला द्यायचं परवानाशुल्क ठरावीक होतं आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायचं. जाहिराती मिळोत न मिळोत, रक्कम भरायचीच. २००५ च्या धोरणानं ते उत्पन्नाच्या ४ टक्क्यांवर आणलं तेव्हा कुठे श्वास घेता आला. पण तोवर सवय लागून गेली होती. स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, त्यामुळे विकायला हाताशी काय, तर गाणी आणि गप्पा. मग जो तो त्याच ताज्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर. मुंबईत मराठी गाणं लावायचं म्हटलं की “ऐकणारा गोंधळेल” असं उत्तर मी बैठकांत स्वतः ऐकलंय. मुंबईत! तेव्हा गप्प बसलो, त्याची आजही चुटपुट लागते.

साथसंगत

चुटपुट लागते म्हणताय यातच सगळं आलं. निदान इथे सांगितलंत.

कोकणी_कवडी

मला अजून एक खटकतं. आकाशवाणीवर गाणं लागायच्या आधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं यायची. मला अर्धी मराठी कविता त्या निवेदनांतून कळली. पाडगावकर कोण, शांताबाई कोण, हे शाळेआधी रेडिओनं सांगितलं. खासगी एफएमवर गीतकाराचं नाव मी तरी क्वचितच ऐकलंय. ज्याचं नाव घेतलं जात नाही त्याच्या कडव्याला कात्री लावताना कुणाचा हात थरथरणार?

वारणाकाठ

कोकणी_कवडी, हे मला फार लागलं. त्या दिवशी स्टेशनवर बोलणं झालं तेव्हा संगीतकाराशी चर्चा चालली होती, मी शेजारी बसले होते. “कडवं काढा” हे त्याला सांगितलं गेलं.

मेधा_डेट्रॉईटजवळून

अगं... हे वाचून वाईट वाटलं.

कायद्यानं तरी आपल्याकडे २०१२ मध्ये सुधारणा झाली. कॉपीराइट कायद्यातल्या बदलामुळे सिनेमाच्या गाण्यांसाठीसुद्धा गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कुणाला लिहून घेता येत नाही. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते. वारणा, स्टेशनवर गाणं वाजलंच तर तुझा वाटा तुला मिळाला पाहिजे, ते बघून ठेव.

नदीष्ट

व्यापारी रेडिओनं काय केलं ते कळलं. पण जिथे जाहिरात नव्हती तिथे काय झालं तेही बघू या. पुणे आकाशवाणी, १ एप्रिल १९५५, रामनवमी. गीतरामायणाचं पहिलं गीत त्या दिवशी लागलं. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. आठवड्याला एक, अशी १९५६ च्या एप्रिलपर्यंत ५६ गीतं. एकेका गीताला आठ-आठ, दहा-दहा कडवी! गदिमांना कुणी म्हणालं असतं, “अण्णा, हुक पंधरा सेकंदांत आणा आणि दोन कडव्यांत भरताची समजूत घाला”, तर? भरताची समजूत दोन कडव्यांत पटत नाही. तिथे एकामागून एक दाखला यावा लागतो, ऐकणाऱ्याचं मन हळूहळू वळावं लागतं. कडव्यांची संख्या हाच त्या गीताचा युक्तिवाद आहे.

आणि लोक स्टेशन बदलत नव्हते. रेडिओला हार घालून समोर बसत होते.

रेडिओवाला

नदीष्ट, मान खाली घालून मान्य. पण तेव्हा बदलायला दुसरं स्टेशन जवळजवळ नव्हतं हेही लक्षात घ्या. आणि सरकारी रेडिओनंही संगीताला आपल्या साच्यात घातलंच. स्वरपरीक्षा, मान्यताप्राप्त कलाकार. पेटीला तर १९४० पासून तीस वर्षं दाराबाहेर उभं केलं. सुरांची घसरण पेटीवर निघत नाही म्हणून. त्या काळात कितीतरी चाली पेटीवर सुचल्या असतील आणि स्टुडिओत सारंगीवर वाजल्या असतील.

कुडाळकर

बघा, म्हणजे प्रत्येक माध्यम काहीतरी मागतंच. माझं म्हणणं हेच होतं.

नदीष्ट

मागतं, कबूल. पण एक मागणारा सुराबद्दल चुकीचा का होईना विचार करून मागत होता, आणि दुसरा पुढच्या जाहिरातीपर्यंत माणूस टिकावा म्हणून मागतो. मला हा फरक लहान वाटत नाही.

कुडाळकर

हं. यावर विचार करतो.

साथसंगत

मंडळी, वारणाताईंचा शेवटचा प्रश्न तसाच राहिलाय, काय करायचं. मी वाजवणारा माणूस आहे, मला हातानं करून बघण्याजोगं सुचतं.

जुन्या गाण्यांत मुखड्याच्या आधी दोन ओळी मोकळ्या गायच्या, ठेक्याशिवाय. शेर म्हणा, नाटकवाल्यांच्या साकीची आठवण करा. एक गळा, मागे नुसता षड्ज. त्यानंतर ठेका धरून मुखडा. गाडीतल्या माणसाचं बोट बटणावर असलं तरी मोकळा गळा ऐकला की ते थबकतं, असा माझा अनुभव आहे. गळ्याइतकं ओढून घेणारं वाद्य नाही.

तर तुमच्या तिसऱ्या कडव्यातल्या दोन ओळी उचला आणि सगळ्यात आधी ठेवा. ती आज त्या थांब्यावर उतरलीय, इथून गाणं सुरू होऊ दे. मग मुखडा, मग गाडी सुटल्याची आठवण. स्टेशनला पहिल्या सेकंदाला आवाज मिळाला आणि तुमचा अर्थही वाचला. बासरी मध्ये घ्या, दोन कडव्यांच्या बेचक्यात. तिथे आरजे बोलत नाही.

रेडिओवाला

तिथे आरजे बोलत नाही, खात्रीनं सांगतो. फार सुरेख सुचवलंत. घाटाचं कडवं मात्र बहुधा सोडावं लागेल.

स्वरूपा_२२

पण मग शेवट आधीच कळणार ना? थांब्यावर कुणी नाही हे पहिल्याच ओळीत कळलं तर ‘कोण’चा धक्का जाईल.

वारणाकाठ

स्वरूपा, मीही दोन रात्री तिथेच अडले होते.

दहा दिवसांनी लिहितेय, मंडळी. साथसंगतदादांचं मित्राला वाचून दाखवलं. आम्ही बसलो. तिसऱ्या कडव्यातल्या ओळी जशाच्या तशा वर नेल्या तर स्वरूपा म्हणते तसंच होत होतं. म्हणून वरच्यासाठी नव्या दोन लिहिल्या:

थांबा तोच, तीच गं चिंच
सावली मात्र हलली थोडी

ती परत आलीय एवढंच यात कळतं. कुणी नाही, हे अजून कळत नाही. ते तिसऱ्या कडव्यातच. घाटाचं कडवं गेलं. त्यात एक ओळ होती, ‘वळणावळणावर गाव लहान’, तिच्यासाठी जीव तुटला. बासरी मधे आली, वीस सेकंद. आता गाणं ४ मिनिटं १० सेकंद आहे.

स्टेशनवाल्यांना साडेतीन हवी होती. त्यांना काल पाठवलं आणि सोबत लिहिलं की याहून एक सेकंदही काढायचा नाही. खाली गीतकार म्हणून माझं नाव मोठ्या अक्षरात घातलं.

कुडाळकर

‘सावली मात्र हलली थोडी’. वारणाताई, ही ओळ पाच मिनिटं चाळीसच्या गाण्यात नव्हती ना?

वारणाकाठ

नव्हती.

नदीष्ट

आणि ‘वळणावळणावर गाव लहान’ आता नाही. कुडाळकर, दोन्ही मोजा.

कुडाळकर

मोजतोय.

गिरगावकर_आजोबा

वारणाबाई, घाटाचं कडवं टाकून देऊ नका. प्रत्यक्ष कार्यक्रमात गाल तेव्हा ते गा. रेडिओवर ऐकून आलेली माणसं तिथे एकदम गप्प होतील. आणि सांगलीच्या आसपास कार्यक्रम असेल तर इथे कळवा. नातू गाडी काढतो म्हणालाय.